सहा नंबरची काठी, सात नंबरचा दोर

बाबलो मेस्त मासे पकडायचा आणि मी थिगूर. ज्यांना हा फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. थिगूर हाही मासाच, पण चिखलातला. काळा, बुळबुळीत, मिशा असलेला. गरीला गांडूळ लावून काठावर झोप काढली तरी तो लागतो. माझा अनुभव असा की झोप काढली तरच लागतो. रविवारी दुपारी मी पिशवी ओट्यावर ठेवली की माझी बायको सुनंदा आत न बघताच म्हणायची, "तुमचे थिगूर खावन खावन माका मिशयो फुटतल्यो." आणि नेमक्या त्याच वेळी मेस्ताची सायकल दारावरून जायची. हँडलला केळीच्या सोपटात ओवलेला, चांदीच्या खवल्यांचा, अजून ओला असा मासा. डिचोलीत दुसरे रस्ते नव्हते असं नाही. पण त्याला हाच जवळ पडतो, असं तो म्हणे.

त्या माणसावर मी पुष्कळ वर्षं जळलो. मनापासून, नियमाने, रविवारी जरा जास्त. आज त्याच्याविषयी लिहायला बसलोय तरी ती जळजळ पुरती गेलेली नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

मेस्त म्हणजे आमच्याकडे कारागीर. बाबलो मूळचा पेडण्यातल्या पार्शाचा, पण नोकरी डिचोलीला, खनिजाच्या ट्रकांच्या गॅरेजात. मी सर्वणचा, डिचोलीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. वयाने आम्ही बरोबरीचे. तो सुकलेल्या बांगड्यासारखा काटक होता आणि त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं. खिशात नेहमी एक उंडो. अर्धा पाव तो खायचा, अर्धा पाण्याला द्यायचा. माशांना नव्हे, पाण्याला, असंच म्हणायचा.

काठावर पोचला की मी आधी गरी टाकायचो आणि मग चप्पल काढायचो. तो आधी बसायचा. न पेटवलेली विडी ओठात धरून अर्धा अर्धा तास पाण्याकडे बघत राहायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "मेस्ता, कितें पळयता इतलें?"

"हांव पळयना," तो म्हणाला. "उदकाक तुजी सवंय जांव दी, मास्तर. गरी मागीर."

आणखी एक खोड मला फार झोंबायची. मासा केवढा होता हे तो सांगत नसे. कुणी विचारलं, "कितलो व्हड?" तर उत्तर ठरलेलं, "पोटापुरतो." मला हे सांगायला दोन्ही हात कमी पडायचे, आणि हा एकही हात हलवत नसे. मोठेपणा न सांगणाऱ्या माणसापुढे मोठेपणा सांगणाऱ्याचं जे होतं, ते माझं दर रविवारी होत असे.

आमच्याकडे दोन पाणी होती. एक व्हाळ, म्हणजे ओढा; डोंगरातून उड्या मारत येणारा, वर झाडांचं छप्पर, पाणी गुडघाभर. दुसरा खाणीचा जुना खड्डा. खनिज काढून झाल्यावर सोडून दिलेला आणि मग पाण्याने भरलेला. कुणीतरी त्यात कटल्याची पिल्लं सोडली होती, ती वाढून चार चार किलोंची झाली होती. व्हाळाला हलकी, चपळ काठी लागते, खड्ड्याला लांब फेकणारी आणि ओढ सोसणारी. म्हणून बाबलोकडे दोन काठ्या होत्या. एक चिवारीच्या बांबूची, शेंड्याकडे काडीसारखी बारीक. दुसरी माणग्याच्या बांबूची, आतून भरीव. दोन्ही पार्शाच्या डोंगरातून स्वतः तोडून आणलेल्या. एकदा त्याच्याबरोबर बांबू निवडायला गेलो होतो. मी तीन मिनिटांत सरळ दिसली ती काठी तोडली. तो दुपारपर्यंत एकेक बांबू धरून हलवत, त्याचं थरथरणं मनगटात मोजत फिरला आणि शेवटी रिकाम्या हाताने परतला. "औंदा ना," एवढंच म्हणाला. माझी सरळ काठी पहिल्याच थिगुराला वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही. मग मी त्याच्यावर मात करायची म्हणून बेळगावहून फायबरची, जोडायची, निळ्या रंगाची काठी आणली. परतीच्या बसमध्ये मीच तिच्यावर बसलो.

अशा परिस्थितीत एक गोरा म्हातारा आला.

हिवाळ्यात हरमलच्या किनाऱ्यावर गोरे यायचे, पण हा त्यांच्यातला नव्हता. गुडघ्यापर्यंत विजार, टोपीत टोचलेली रंगीत पिसं, आणि भाड्याच्या सायकलला बांधलेली एक लांब नळी. समुद्राकडे पाठ करून तो गोडं पाणी शोधत आमच्या व्हाळापर्यंत पोचला. नळीतून त्याने काडीसारखी काठी काढली, तिला पिवळाधमक जाड दोर, दोराच्या टोकाला पातळ तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, आणि तंगुसाच्या टोकाला गांडूळ नव्हे, शिसं नव्हे, तर गरीवर पिसांची बांधलेली एक माशी. ती त्याने हवेत पुढे-मागे नाचवली आणि पाण्यावर अशी ठेवली, की जणू ती स्वतःच थकून तिथे बसली. बाबलोच्या ओठातली विडी खाली पडली. ती पडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.

मग काय, दोन महिने मी दुभाषा. म्हाताऱ्याला आमची भाषा नाही, बाबलोला इंग्रजी नाही. सारं शास्त्र माझ्या तोंडून त्याच्या कानात गेलं, हे मी मुद्दाम नोंदवतो. आपल्या नेहमीच्या गरवण्यात वजन टोकाला असतं. शिसं पुढे जातं आणि दोराला ओढून नेतं. इथे माशीला वजनच नाही. वजन दोराला. दोर आधी जातो आणि माशी त्याच्या मागून. म्हणून दोराला नंबर, आणि तो दोर पेलणाऱ्या काठीलाही नंबर. लहान व्हाळाला चार, कटल्यासारख्या दांडग्याला आठ. "आणि एकच काठी घ्यायची झाली तर?" हा प्रश्न बाबलोचा. म्हातारा हसला आणि म्हणाला, मग सहा. व्हाळात जरा जड, खड्ड्यात जरा हलकी, पण दोन्हीकडे चालेल. मात्र काठी सहा तर दोरही सहाच.

"म्हणल्यार नट आनी बोल्ट," बाबलो म्हणाला. "आटे जुळूंक जाय." हे वाक्य मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, पण म्हाताऱ्याने ते त्याच्या हातांवरूनच ओळखलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर नाही.

फेकायला मीही शिकायला गेलो. म्हातारा सांगायचा, दोर मागे गेला की थांबा, तो पुरता उलगडू द्या, मग पुढे आणा. मला थांबणं कधी जमलेलं नाही. तिसऱ्या दिवशी दोर मागे गेला आणि पुढे येईना. मी जोर लावला. मागून हुंकार ऐकू आला. चरणाऱ्या म्हशीच्या कानात माशी रुतली होती आणि म्हैस माझ्याकडे बघत होती. ती पळाली तेव्हा गोऱ्याची काठी वाचवायला मी तिच्यामागे शेतभर पळालो. वर्षभर डिचोलीच्या बाजारात लोक मला विचारायचे, "मास्तर, दूद कितें भाव?"

बाबलो पहिल्या आठवड्यात शिकला. त्याने त्या थांबण्याला मोजणं लावलं. ओठांतल्या ओठांत, चटचट: "एक, दोन, तीन," दोर मागे, "चार, पांच," दोर पुढे, आणि "स" ला बोटं सुटायची. कोकणीतला स, म्हणजे सहा. त्याच्या तोंडचा स आणि दोराचा सुर्र आवाज एकात एक मिसळून जायचे. दोन महिन्यांत मी तो स किती वेळा ऐकला असेन याला हिशेब नाही. हेही वाचकांनी ध्यानात ठेवावं. मला ठेवावं लागलं.

माश्या बांधण्यातही त्याचा हात बसला. ट्रकच्या आरशांना लटकवलेले जुने रेशमी गोंडे तो उसवायचा. त्यांतल्या तांबड्या-तपकिरी धाग्यांनी त्याने हुबेहूब उंबर बांधलं, कारण व्हाळात उंबराची फळं पडतात आणि मासे ती गिळतात. पांढऱ्या लोकरीचा उंड्याचा तुकडा केला, खड्ड्यातल्या कटल्यासाठी. मानेची पिसं हवीत म्हणाला तेव्हा आमच्या सुनंदाने स्वतःचा कोंबडा धरून दिला. माझ्या घरचा कोंबडा उघड्या मानेने अंगणात फिरायचा आणि मी पोळी मागितली की ती म्हणायची, "थांबा, बाबल्याक पिसां दिवन येतां."

हिवाळा संपला. म्हातारा जायला निघाला. व्हाळाच्या काठावर त्याने आम्हा दोघांकडे बघून एक लांब वाक्य म्हटलं आणि माझ्याकडे तोंड केलं, भाषांतरासाठी. त्या वाक्याचा अर्थ असा: गावी गेल्यावर मी याला एक काठी आणि दोर पाठवीन; काय नंबर हवा ते विचार करून मला पत्राने कळवायला सांग.

याला. मला नव्हे. इंग्रजी माझं, घसा माझा, म्हैस माझी, आणि काठी याला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत जड भाषांतर मी त्या दिवशी केलं. बरोबर केलं. पण एका दमात नाही.

पत्र मीच लिहिणार होतो, कारण दुसरं कोण लिहिणार? बाबलो महिनाभर विचार करून एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर आला. हात धुऊन आला होता, जणू देवाला निघालाय. मी कागद-पेन घेऊन बसलो.

"बरय," तो म्हणाला, म्हणजे लिही. "काठी स. दोर स."

मी काठीपुढे सहा लिहिलं. आत सुनंदा त्याच्यासाठी चहा टाकत होती, दुधाचा, वेलची घालून. मला वेलची सणासुदीला मिळायची. मी दोरापुढे सात लिहिलं.

चुकून नव्हे, समजून लिहिलं, हे कबूल करतो. आटे जुळणार नाहीत, काठी कुथेल, फेक बिघडेल, आणि एका तरी रविवारी तो माझ्यासारखा दिसेल, एवढंच माझं मागणं होतं. सबबही तयार ठेवली होती. कुणी विचारलंच तर म्हणायचं, स ऐकू आलं ते सात असं. स आणि सात, कितीसा फरक?

आता ते दिवस कसले होते, तेही सांगायला हवं. गोव्यात भाषेचा वाद पेटला होता. मराठी की कोकणी, यावरून चहाच्या दुकानात बाकं दोन बाजूंना लागायची. मी मराठीच्या बाकावर. घरी बोलतो ती बोली, लिहितो ती मराठी, त्यात काय अडतं, हा माझा मुद्दा. समोरच्या बाकावर दत्ता फार्मासी, औषधांचं दुकान चालवणारा, कोकणीचा कडवा. आमची भांडणं ऐकायला लोक दुसरा चहा घ्यायचे. बाबलो दोन्ही बाकांच्या मध्ये उंबऱ्यावर बसायचा आणि उंडो खायचा.

पार्सल आलं तोवर भाषेचा कायदा होऊन गेला होता आणि गोवा घटक राज्य झाला होता. दत्ता आणि मी मात्र होतो तिथेच होतो. बाबलोने पार्सल चहाच्या दुकानातच आणलं, सगळ्यांसमोर फोडायला. काठी निघाली, काळसर हिरवी. मग दोराचं वेटोळं. मग म्हाताऱ्याची चिठ्ठी. ती मी वाचायला घेतली, पण दत्ता माझ्या खांद्यावरून वाकला, आणि त्याला इंग्रजी येत होतं. गोळ्यांच्या डब्यांवरचं बारीक अक्षर वाचायची सवय होती त्याला.

"मास्तर," तो सावकाश म्हणाला, "हांगा बरयलां, काठी स नंबराची आनी दोर सात नंबराचो कित्याक मागयलो तें म्हाका कळूंक ना, पूण मागयला म्हणून धाडटां." मग तो बाबलोकडे वळला. "बाबल्या, तुवें कितें सांगिल्लें?"

"स आनी स."

दोन्ही बाकं माझ्याकडे वळली. मी सबब काढायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दत्ताच्या डोळ्यांत जे चमकलं ते बघून मिटलं. कारण मला एकदम दिसलं की पुढे काय होणार. मी म्हणणार, मला सात ऐकू आलं. आणि दत्ता बाकावर चढून म्हणणार, पळयात, आमी स म्हणटात आनी हे सात बरयतात, म्हणून आमची भास आमकां बरोवंक जाय. दोन वर्षांचं भांडण मी एका आकड्यात हरणार होतो, आणि ते डिचोलीपासून पेडण्यापर्यंत सांगितलं जाणार होतं. दुसरं उत्तर खरं होतं, आणि ते तर त्याहून अशक्य होतं.

म्हणून मी तिसरं दिलं. चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "मुद्दामच लिहिलं. व्हाळात वर झाडं. लांब दोर काढायला जागा नाही. थोड्याशा दोरात काठी वाकायची तर दोर एक नंबर जड पाहिजे. मी विचार करून लिहिलं."

हे मी कुठून आणलं ते मलाही ठाऊक नाही. भीतीच्या पोटात शास्त्र असतं की काय कोण जाणे. दत्ता हसायच्या बेतात होता. बाबलोने दोर बोटांत घेऊन तोलला, काठी मनगटात हलवली, जशी तो चिवार हलवायचा, आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. पाण्याकडे बघायचा तसं.

"मास्तरान बरयलां म्हणल्यार कितें तरी आसतलें," तो म्हणाला.

आणि होतंही. हीच तर माझी शोकांतिका. पुढच्या रविवारी अर्धं दुकान व्हाळावर आलं, मला फजीत बघायला. फांद्यांखाली दोन वाव, म्हणजे जेमतेम बारा फूट, दोर काढून बाबलोने मनगट हलवलं, सहा नंबरची काठी सात नंबरच्या दोराखाली लगेच, गोड वाकली, आणि रेशमी उंबर थेट काठाच्या सावलीत जाऊन टपकलं. पाणी फुटलं. मग आम्ही खड्ड्यावर गेलो. तिथे लोकरीचा उंडा त्याने कटल्याच्या नाकासमोर ठेवला, आणि काठी अर्धा तास वाकून राहिली तरी मोडली नाही. केवढा होता ते मी सांगितलं असतं, पण तो शेजारीच उभा होता.

त्याने तो सगळा यशाचा दिवस माझ्या नावावर केला. कुणीही काठीचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "दोर मास्तरान सोदलो." दत्तासुद्धा मला मानू लागला. लोक गरी कुठली घ्यावी, तंगूस किती जाड असावा हे मला विचारायला यायचे. मी थिगूर पकडणारा पंडित झालो. आणि मला तर एका क्षणाचंही सुख नाही. ज्याचं वाईट व्हावं म्हणून केलं त्याचं बरं झालं, आणि त्याचे आभार मला मिळत राहिले. दर वेळी तो "मास्तरान" म्हणताना माझ्याकडे एक नजर टाकायचा, आणि मला वाटायचं, याला ठाऊक आहे. मग वाटायचं, नाही, याचं मनच तसं आहे; आणि याचं मनही माझ्यापेक्षा बरं आहे या विचाराने मी आणखी जळायचो.

किती वेळा सांगून टाकायचं ठरवलं. एकदा तर खड्ड्यावर आम्ही दोघेच होतो आणि मी सुरुवातही केली, "मेस्ता, त्या पत्राचं..." त्याने ओठांवर बोट ठेवलं. मासा वर येत होता. निदान मी तसं समजलो.

पुढे त्याची छाती भरली. डॉक्टर म्हणाला धूळ. डिचोलीत धूळ म्हटलं की कुठली ते कुणी विचारत नसे. नोकरी सोडून तो पार्शाला गेला. मीही निवृत्त झालो. एके दिवशी सुनंदाने कोंबड्याच्या मानेची पिसं कागदात बांधून दिली आणि म्हणाली, "वचून या. आनी थिगूर नाका व्हरूं."

तो घरामागच्या शेताच्या मेरेवर, बांधावर, बसला होता. शेतात पाणी साचलेलं, मासा एकही नाही. काठी मांडीवर. पिसं बघून हसला, त्यातलं एक विडीसारखं ओठांत धरलं. श्वास लागत होता म्हणून बोलणं थोडं थोडं.

"उबो राव," तो म्हणाला आणि काठी माझ्या हातात दिली. "मार."

"मेस्ता, मागे म्हैस नाही ना?"

"मोज आनी मार. थांबपाक शीक आतां तरी."

इतक्या वर्षांनी ती काठी माझ्या हातात आली होती. सहा नंबरची, आणि तिला तोच सात नंबरचा दोर, वापरून फिकट झालेला. मी तो हवेत उचलला. एक, दोन, तीन. दोर मागे गेला आणि मी थांबलो, जन्मात पहिल्यांदा पुरता थांबलो, पाठीमागे तो उलगडतोय हे मनगटाला कळलं. चार, पांच. पुढचा आकडा तोंडाशी आला, पत्रात मी बदलला तोच, आणि मी तो गिळला. दोर पुढे येऊन हवेत ढिला पडू लागला.

बाबलो पाण्याकडेच बघत होता.

"म्हण," तो म्हणाला.

"स," मी म्हणालो, आणि बोटं सुटली. दोर सुर्र करत गेला, लांब, सरळ, त्या बिनमाशांच्या पाण्यावर मेरेपासून मेरेपर्यंत.

बाबलोने ओठांतलं पीस काढलं.

"येता रे तुका," तो म्हणाला.